मागच्या दाराची कडी

माझ्या नवऱ्याने पुस्तकाचा शेवट सांगून टाकला तेव्हा त्याच्या हाताला सलाइन लावलेली होती आणि त्याला ऑपरेशनला न्यायला माणसं पडद्याबाहेर उभी होती. त्याची छाती उघडून हृदयाचा व्हॉल्व्ह बदलायचा होता. कुणाही शहाण्या बाईने अशा वेळी नवऱ्याच्या कपाळावरून हात फिरवला असता. मी भांडले.

"म्हणजे तू पुढचं वाचलंस?"

त्याला गुंगीचं औषध दिलेलं होतं. डोळे अर्धे मिटूनच तो म्हणाला, "वाचलं."

"माझ्याशिवाय?"

"सांगून तर राहिलो ना तुला आता."

"चीटर आहेस तू. एक नंबरचा चीटर!"

मुलगी सनीव्हेलहून आदल्या दिवशीच आली होती. ती माझा दंड धरून म्हणाली, "आई, सीरियसली? नाउ?" तोवर खाट हलली होती. तो हसत होता की औषधाने त्याचं तोंड तसं झालं होतं, ते मला दिसलं नाही. दोन झडपांचं दार उघडलं, तो आत गेला आणि दार आपोआप मिटलं. माझा त्याच्याशी बोललेला शेवटचा शब्द होता चीटर.

आता हे भांडण कशावरून, ते सांगते. देश सोडून इथे नोव्हायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्याकडे एकच गाडी होती आणि ओळखीचं चिटपाखरू नव्हतं. लायब्ररीतून मी एक जाडजूड कादंबरी आणली, मेलेल्या प्रियकराची वाट पाहणाऱ्या बाईची. इंग्रजी जिभेवर बसावं म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले आणि हा समोर बसून शेंगा सोलत ऐकायला लागला. तेव्हापासून दर हिवाळ्याला एक पुस्तक. पहिला बर्फ पडला की सुरू करायचं, वाचायचं मी, सोलायचं त्याने. पुस्तक मात्र त्याच जातीचं हवं: मेल्यावरही न संपणारं प्रेम, भुतं, पुन्हा जन्मलेल्या बायका, दुसऱ्या शतकातून चालत येणारे नवरे. आणि नियम एकच, की कुणी एकट्याने पुढे वाचायचं नाही.

गंमत अशी की आम्ही दोघंही बौद्ध घरातले. मी नागपूरची, तो अमरावतीचा. माझे वडील शाळामास्तर होते. आत्मा, पुनर्जन्म, नवस, मुहूर्त यांतला एखादा शब्द घरात कुणी काढला की ते चष्मा काढून ठेवायचे, म्हणजे समजावं की आता तासभर सुटका नाही. जगात सगळं अनित्य आहे हे मी बाराखडीच्या आधी शिकले. आणि अशी मी, दर हिवाळ्यात कुणा परक्या भुताच्या बायकोसाठी टिश्यूचे डबे रिकामे करत होते. विहारातल्या एका काकूंनी एकदा विचारलंही, "अगं, तू तर हे मानत नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही हो काकू, वाचायला काय जातं?" खरं उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं.

नवरा ब्रेकचा इंजिनियर. गाडी वेळेवर थांबते की नाही, हे तपासण्यात त्याची उभी हयात गेली. तो भुतांनाही सोडायचा नाही. "हे भूत भिंतीतून जाते ना? मग फरशीतून खाली काहून नाही पडत?" मी संतापून पुस्तक मिटायची. माझा राग नाकावरच असतो. मग तो म्हणायचा, "वाच वाच, मी फक्त विचारून राहिलो." पण एखाद्या पानाशी शेंगा फोडायचा आवाज थांबायचा. तेव्हा मी मान वर करून त्याच्याकडे बघायची नाही. तेवढी समज मला होती.

या वर्षीचं पुस्तक तळ्याकाठी राहणाऱ्या एका बाईचं होतं. तिचा नवरा तरुणपणीच बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेला आणि बुडाला. दर हिवाळ्यात तळं पूर्ण गोठलं की तो एकदा बर्फावरून चालत तिच्या मागच्या दाराशी येतो. म्हणून ती मागच्या दाराला कधीच कडी लावत नाही. ती म्हातारी होत जाते, तो तेवढाच राहतो. आमच्याकडेही तळी गोठतात, लोक त्यांवर तंबू ठोकून मासे धरतात, त्यामुळे ती गोष्ट आम्हाला अगदी शेजारची वाटायची. शेवटची थोडी पानं उरली होती. गावातले लोक त्या बाईला म्हणत होते, आता पुरे, घर विकून शहरात ये. इथवर आलो आणि बेसमेंटच्या पायऱ्या चढताना नवऱ्याला धाप लागायला लागली.

तपासण्या झाल्या, तारीख ठरली. हा सगळ्यांना फोनवर सांगत होता, "रूटीन आहे यार. गाडी गॅरेजला टाकायची, पार्ट बदलायचा, घरी आणायची." लोक हसायचे. मीही विश्वास ठेवला, कारण पार्टच्या बाबतीत तो कधी खोटं बोलत नसे. हॉस्पिटलमध्ये जाताना मी पुस्तक पर्समध्ये टाकलं, म्हटलं, तिथे बसल्या बसल्या संपवू. आणि तिथे मी पान उघडायच्या आधीच तो म्हणाला, "वाचू नको. शेवट मी सांगतो. ती दाराला कडी लावते. चहा करते, मस्त झोपते. अन् दुसऱ्या दिवशी उठून बाजारात जाते."

काय पण शेवट! एवढी वर्षं दार उघडं ठेवणारी बाई बाजारात जाते?

वेटिंग रूममध्ये बसल्यावर राग हळूहळू ओसरला आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलं. नियम मोडायचा त्याचा स्वभाव नव्हता. माझी पाठ वळल्यावर वाचायची त्याला एवढी घाई कशाची होती? जो घरी परतणार आहे, तो शेवटासाठी थांबतो. बाकीच्यांना रूटीन, रूटीन सांगणाऱ्या माणसाने स्वतःपुरता हिशेब आटोपला होता.

भिंतीवरच्या स्क्रीनवर पेशंटचे नंबर होते. ऑपरेशन चालू असलं की पिवळा रंग, संपलं की हिरवा. एकेक नंबर हिरवा होत होता, लोक उठून जात होते, नवे येत होते. आमचा पिवळाच. मग एक नर्स येऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. अशी कुणी समोर खाली बसून बोलायला लागली की बातमी चांगली नसते, एवढं मला कळतं. रक्त थांबत नव्हतं. वेळ लागणार होता. मुलगी म्हणाली, "दे आर रिअली गुड, आई. समथिंग वाच ना, बरं वाटेल." तिने पर्समधून पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते उचलून पर्सच्या तळाशी कोंबलं, वर स्वेटर घातला.

दुपार कलल्यावर नंबर हिरवा झाला. सर्जन आल्या, म्हणाल्या, व्हॉल्व्ह बसला, रक्त थांबलं, उद्या सकाळी औषध कमी करून जागं करू.

त्याचा चष्मा घरीच राहिला होता. तो आणायला म्हणून संध्याकाळी आम्ही दोघी घरी आलो. स्वयंपाकघरातून मागच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, जायला सरकतं दार आहे. रोज झोपण्याआधी हा पलंगावरून ओरडतो, "कडी लावली?" आणि मी ओरडते, "लावली!" त्या दिवशी ती उघडीच राहिली होती. मी लावायला गेले आणि माझा हात तिथेच थांबला. बाहेर बर्फ भुरभुरत होता. शाळामास्तरांची मुलगी मी, कधी लिंबू-मिरची दाराला बांधली नाही, मांजर आडवं गेलं म्हणून थबकले नाही. पण ती कडी माझ्याच्याने लावली गेली नाही. थोड्या वेळाने मुलीचा आवाज आला, "आई, द बॅक डोअर वॉज अनलॉक्ड!" आणि खट्ट. ती वर गेल्यावर मी जाऊन कडी पुन्हा उघडली. माझे वडील असते तर त्यांनी चष्मा काढला असता. काढू देत, म्हटलं.

सकाळी औषध कमी केलं. तो जागा झाला नाही. दुपार झाली तरी नाही. मेंदूचा स्कॅन केला, त्यात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, काहींना वेळ लागतो, त्यांच्याशी बोला. "काहींना" म्हणजे किती जणांना आणि "वेळ" म्हणजे किती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मुलगी त्याच्या कानाशी बोलत होती, ऑफिसबद्दल, विमानाबद्दल, कशाहीबद्दल. जन्मभर ज्या माणसाशी तोंड बंद म्हणून ठेवलं नाही, त्याच्यापुढे माझी वाचा बसली.

शेवटी मी पुस्तक काढलं. सोडलं होतं तिथून मोठ्याने वाचायला लागले. शेंगांच्या आवाजाच्या जागी व्हेंटिलेटरचा आवाज होता. खरं सांगते, मला आशा होती. असल्या पुस्तकांत असंच होतं ना, ती शेवटचं वाक्य म्हणते आणि त्याची बोटं हलतात. म्हणून मी शेवट लांबवत, अगदी सावकाश वाचत होते.

त्या हिवाळ्यात तळं गोठतच नाही. बर्फाचा पापुद्रा धरतो आणि फुटतो. नवरा येऊ शकत नाही. म्हातारी रोज दाराशी बसते. हिवाळा सरत येतो तेव्हा ती शाल गुंडाळते आणि तो येऊ शकत नाही म्हणून आपणच पाण्याकडे चालायला लागते. मागे दार सताड उघडं आहे. बर्फ उडत येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर साचतो. पुस्तक संपलं.

कडी नव्हती. चहा नव्हता. बाजार तर नव्हताच. मला वाटलं, माझं एखादं पान चुकलं. मी मागे गेले, पुढे आले, दोन पानं चिकटली आहेत का तेही पाहिलं.

"व्हॉट हॅपन्ड?" मुलगी म्हणाली.

"बाबांनी सांगितलेला शेवट यात नाही."

एक तर त्याने पुढचं वाचलंच नव्हतं, नाहीतर वाचून माझ्यापासून लपवलं होतं. काहीही असो, तो शेवट त्याचा होता. हाताला सुई टोचलेली, डोळ्यांवर गुंगी आणि त्याने पडल्या पडल्या माझ्यासाठी एक शेवट शोधला होता. माझ्यामागे नीट जग, असं आमच्यात कुणी कुणाला म्हणत नाही. तशी आमची बोली नाही. म्हणून त्याने त्या बाईला कडी लावायला लावली, तिला चहा पाजला, बाजारात पाठवलं. आणि मी त्याला काय म्हणाले? मी आयसीयूत हुंदके देऊन रडले. नर्सने येऊन पडदा ओढून घेतला. सगळं अनित्य आहे हे मला मान्य होतं, आजही आहे. पण हा नको, आत्ता नको, एवढंच मी म्हणत होते. कुणाला म्हणत होते, ते मला माहीत नाही. काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र तेव्हा मला मिळालं. मानत नसले तरी मला ते हवं होतं.

त्याची बोटं हलली नाहीत.

तो जागा झाला तेव्हा मी तिथे नव्हतेच. खाली कॅफेटेरियात चहाच्या मशीनशी भांडत होते, कारण ते नुसतंच गरम पाणी देत होतं. मुलीचा फोन आला, "आई, कम अप. ही इज लुकिंग ॲट मी." मी लिफ्टची वाट न पाहता जिने चढले. वर गेले तर हा टक्क डोळे उघडून, घशात नळी, सलाइनची पिशवी बदलणाऱ्या नर्सकडे बघत होता. एवढं मी वाचलं, रडले, तेव्हा ढिम्म. पिशवी बदलताना जागा झाला! माझ्या जिवात जीव आला आणि रागही आला.

नळी दुसऱ्या दिवशी काढली. आवाज पार बसलेला होता. पाणी द्यायला अजून मनाई होती, म्हणून मी त्याला चमच्याने बर्फाचे तुकडे भरवत होते. त्याची नजर माझ्या पर्सकडे गेली.

"वाचलं?"

"वाचलं."

तो हळूच म्हणाला, "मग? लावली का तिनं कडी?"

म्हणजे त्याने खरंच वाचलं नव्हतं. नियम मोडला होता तो मीच, एकटीने.

"नाही लावली," मी म्हटलं.

त्याने कपाळाला आठ्या घातल्या. ब्रेकच्या इंजिनियरला ते काही पटलं नसावं.

"काहून? मग थंडी येत असंल ना घरात."

"येऊ दे," मी म्हटलं आणि त्याच्या तोंडात बर्फाचा आणखी एक तुकडा घातला.