ताटात काय पडलं

गायकवाड बाई भेटल्या की नाव-गाव विचारायच्या आधी समोरच्याच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघायच्या. ओळख असो नसो. भाजीवाली असो, नाहीतर शांती नगरच्या एखाद्या सोसायटीचा सेक्रेटरी. आत लाल दिसलं तर "बरंय" म्हणून सोडून द्यायच्या. पांढरं दिसलं, म्हणजे रक्त कमी, की तिथेच बसवायच्या आणि विचारायच्या, "काल सकाळपासून काय काय खाल्लं, सांग." माणूस आधी जरा रुबाबात सांगायचा. बाई नुसत्या बघत राहायच्या. मग त्याचा आवाज हळूहळू खाली यायचा आणि खरं काय ते बाहेर पडायचं.

बाई मूळच्या परभणीकडच्या, मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात कुठल्या रोग्याला काय जेवण द्यायचं हे ठरवणाऱ्या विभागात नोकरीला. मुंबईजवळच्या आमच्या नवघरात दोन खोल्यांचं घर, नवरा आणि एक मुलगा. त्या काळी आमच्याकडे डाएटिशियन हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता, म्हणून सगळे त्यांना 'खाण्याच्या बाई' म्हणायचे. आमच्या कबड्डीच्या सरांनी त्यांना गळ घातली, आणि दर रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला लोखंडी खुर्ची टाकून बाई बसायला लागल्या. आल्या खेळाडूंसाठी, पण गर्दी झाली अख्ख्या नवघरची.

एक जण व्यायामशाळेतून पावडरीचा डबा घेऊन आला होता, अंगावर मांस चढवायची पावडर. बाईंनी डब्यावरचं सगळं वाचलं, चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "दुधाची भुकटी आणि साखर. मूठभर शेंगदाणे खा, जिभेला तरी बरं लागेल." शेजारच्या शांती नगरचा एक कपड्याचा व्यापारी साखरेचा त्रास घेऊन यायचा. त्याला त्यांचं हिंदी ऐकायला फार आवडायचं. "सेठ, खाना कम नहीं करने का, गद्दी पे बैठना कम करने का." तो हसायचा आणि, आश्चर्य म्हणजे, ऐकायचा. रोज पहाटे मिठागराच्या बांधावरून चालायला लागला.

आता माझी कथा. मी दहावीत होते आणि आमच्या संघातली चढाईची पहिली पोरगी. एका रविवारी सरावात चढाईला गेले, एकीला हात लावला, परत फिरले आणि मधल्या रेषेच्या अलीकडेच डोळ्यांपुढे काळोख. शुद्धीवर आले तेव्हा बाईंचा अंगठा माझ्या डोळ्याखाली होता. "पांढरं फटक," त्या सरांना म्हणाल्या. मग मला नेहमीचा प्रश्न.

मी तोऱ्यात सांगितलं, आमच्याकडे रोज म्हावरं शिजतं. आम्ही नवघरातले जुने लोक. बाबांची मिठागराची आणि भाताची जमीन जाऊन बिल्डिंगी झाल्या आणि ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले, तरी माशाशिवाय जेवण म्हणजे आमच्याकडे सुतकच. बाईंना ते पटलं. त्यांनी पालेभाजी, हळिवाचे लाडू, शेंगदाणे-गूळ लिहून दिलं, जेवणावर लिंबू पिळायला सांगितलं, जेवल्याजेवल्या चहा बंद केला.

दोन महिने गेले आणि मी पुन्हा पडले. जिल्ह्याच्या निवडीला तीन महिने उरले होते. सर म्हणाले, "पाटील, अशी चक्कर येत असेल तर मी तुला घेऊ शकत नाही." आई तर कधीपासून टपलेलीच होती. आता एकदा जरी पडलीस तर मैदान बंद, आणि पुढच्या वर्षी स्थळं बघायची, असं तिने जाहीर केलं. मला कबड्डीवाचून दुसरं काहीच धड येत नव्हतं. मी त्या रविवारी बाईंपुढे हमसून हमसून रडले.

बाई सगळं परत विचारत गेल्या. पालेभाजी आणतात का? आणतात. म्हावरं? रोज. लाडू केले का? केले, आईने डबाभर केले. बाई म्हणाल्या, "मग ते खाल्ले कुणी?" मी म्हटलं, दादा आणि छोटू, मलाही मिळाला एक. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "चूक माझीच. मी प्रश्नच चुकीचा विचारत होते. आता मला शिजलं काय ते नको सांगू, माय. तुझ्या ताटात काय पडलं, ते सांग." तसा विचार मी कधी केलाच नव्हता. बाई म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या रविवारी मी तुमच्याकडे जेवायला येते."

आईला हे सांगितलं तेव्हा ती आधी भडकलीच. "रोज म्हावरं रांधते मी, माझी पोर उपाशी हाय काय?" आणखीही एक गोष्ट होती. बाई बौद्ध. आमच्या आळीतल्या काही जणी त्यांचा सल्ला घ्यायच्या, पण त्यांच्या घरचं पाणी प्यायला का-कू करायच्या. माझी आई त्यांतली नव्हती असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? तरी पाहुणी ती पाहुणी, म्हणून आईने त्या दिवशी सुरमई आणली.

आधी बाबा आणि भाऊ बसले. आई बाईंनाही त्यांच्यासोबत वाढायला निघाली, तर बाई म्हणाल्या, मी तुमच्या पंगतीला बसेन. पुरुष जेवून उठले. संध्याकाळसाठी दोन तुकड्या भावांच्या नावाने झाकून ठेवल्या गेल्या. मग आम्ही तिघी बसलो. बाईंच्या ताटात मधली जाड तुकडी, माझ्या ताटात भात, कालवणाचा रस्सा आणि शेपटीचा काटा. रोजचंच ताट, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बाईंनी अन्नाला हात लावायच्या आधी ती तुकडी उचलली आणि माझ्या ताटात ठेवली. आईचा हात हवेत तसाच राहिला. पाहुणीने ताटातलं काढून दिलं, तेही बौद्ध बाईने, आणि तेही आईच्या स्वयंपाकघरात. मी आईकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. मग मी मान खाली घालून ती तुकडी खाल्ली. काटासुद्धा चोखला.

आई फाडकन काहीतरी बोलणार होती. पण बाई तिच्या ताटाकडे बघत होत्या. तिथे शेपटीचा काटाही नव्हता, नुसता रस्सा-भात. बाई सरकल्या आणि त्यांनी आईच्या डोळ्याखाली अंगठा लावला. माझ्यापेक्षा पांढरं. "तुम्हाला जिना चढताना धाप लागते ना?" त्यांनी विचारलं. आईने ताट जरा बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "लागते. पन मला आजवर कोनी इचारलंच न्हाय." आणि माझी आई, जी आजोबा गेले तेव्हाही सगळ्यांना सावरत उभी होती, पदर तोंडाला लावून रडली.

बाईंनी उपदेश केला नाही. आम्हा दोघींना रक्त तपासायला डॉक्टरांकडे धाडलं, त्यांनी गोळ्या दिल्या. घरात बाईंनी एकच गोष्ट बदलायला सांगितली. कालवण उतरवलं की पंगतीच्या आधी आमच्या दोघींच्या तुकड्या एका वाटीत काढून ठेवायच्या. बाबांच्या कारखान्यातली झाकणाची स्टीलची वाटी आईने त्यासाठी घेतली. पहिले काही दिवस ती चोरीचा माल असल्यागत तांदळाच्या डब्यामागे लपवायची. एकदा दादाने ती शोधून काढली, झाकण उघडलं आणि विचारलं, हे कोणाचं? आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं. आनि तुझ्या बहिनीचं." दादाने झाकण लावलं. बाबांनीही ते ऐकलं. पुढच्या रविवारी त्यांनी मासळी जास्त आणली.

निवडीत मी आले. जिल्ह्याकडून खेळले, दुसऱ्याच फेरीत आम्ही सडकून हरलो, पण मी शेवटच्या मिनिटापर्यंत उभी होते. पुढे खेळाच्या जोरावर नोकरीही लागली.

शेवटचं सांगते. दहाएक वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेला होता, मुलगा पुण्याला. गुडघ्यांमुळे मैदानावरची खुर्चीही बंद झाली. मी आणि आई एका दुपारी त्यांना भेटायला गेलो. बाई हसून गप्पा मारत होत्या, पण चेहरा उतरलेला. जेवलात का विचारलं तर म्हणाल्या, हो, सगळं झालंय, वरण-भात, मेथीची भाजी. मला पटलं. इतक्या जणांना शिकवणारी बाई स्वतःच्या जेवणाबद्दल खोटं बोलेल, असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आई उठून आत गेली. झाकणं उघडल्याचा आवाज आला. ओट्यावर चहाचा कप आणि खारीचा पुडा होता, बाकी शेगडी थंड. आई बाहेर आली, बाईंच्या समोर बसली आणि तिने अंगठ्याने त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"शिजलं काय ते नका सांगू, बाई," ती म्हणाली. "ताटात काय पडलं?"

बाई नजर चुकवत म्हणाल्या, एकटीसाठी काय रांधायचं. मग खूप हळू म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही गं."

आईने पिशवीतून ती वाटी काढली. जाताना नुसतं दाखवायला म्हणून नेली असेल असं मला वाटलं होतं, पण ती भरलेली होती. तिने भात लावला, बाईंच्याच घरातलं एक ताट घेतलं, आणि दोघी त्या एका ताटात जेवल्या. त्यानंतर बाई तीन वर्षं होत्या. तेवढी सगळी वर्षं आई रोज दुपारी वाटी घेऊन त्यांच्याकडे जात होती, आणि जेवूनच परत येत होती.