बर्फावरची कोळंबी

माझं ऑफिस इथे आखातात, रास अल खोरला, एका कोल्ड स्टोअरमध्ये. गोठवलेली मासळी कंटेनरनं येते, उणे अठरावर राहते आणि हॉटेलांना जाते. मधल्या काळात तापमान दर चार तासांनी लिहिलं गेलंय की नाही, हे तपासून सही करायचं माझं काम. सतरा वर्षं करतोय. तेव्हा त्या शनिवारी ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची सोय मला नव्हती.

बायकोला दोन वर्षांपूर्वी संधिवात निघाला. वयामुळे होतो तो नव्हे. दुसरा, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उठते. त्यावर उपाय म्हणजे ती प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम खाली आणून ठेवायची. बोटं पुष्कळ सुधारली. सकाळी दुधाची बाटली तिची ती उघडू लागली. पण डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं: कच्चं काही खायचं नाही, आणि ताप आला तर घरी बसून वाट बघायची नाही.

मी यादी करून फ्रिजवर लावली. कच्ची मोड आलेली मटकी नाही, बाहेरची चटणी नाही, बाहेरची कोशिंबीर नाही, अर्धवट उकडलेलं अंडं नाही. यादी तेवीस ओळींची झाली. कुणाकडे जेवायला गेलो की ताटात काही घ्यायच्या आधी ती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचो, बहुतेक वेळा नकाराची. हळूहळू तिनं लोकांकडे जायचंच कमी केलं.

थाई जेवण तेवढं उरलं. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या बिल्डिंगपासून पाच मिनिटांवर सात टेबलांचं एक थाई हॉटेल आहे. बहुतेक पदार्थ मोठ्या आचेवर परतून वाफाळत येतात, त्यामुळे मला धीर असतो. शिवाय तिखट. मी कोल्हापूरकडचा, ती सोलापूरची. लग्नाआधी तिच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं, मासे तिनं माझ्याबरोबर खायला सुरुवात केली. पण तिखटात ती मला केव्हाही हरवते.

त्या शनिवारी दुपारी आम्ही तिघं गेलो होतो. मुलगी इथेच वाढलेली, कॉलेजात आहे. वेट्रेस थाई बाई, माझ्याच वयाची असेल. तिनं नेहमीचा प्रश्न विचारला, “सर, इंडियन स्पायसी ऑर थाई स्पायसी?”

“थाई स्पायसी,” मी म्हणालो. “नॉट फॉर टूरिस्ट. लाइक यू ईट. सेम सेम.”

“बाबा, यू आर शोइंग ऑफ,” मुलगी फोनमधून नजर न काढता म्हणाली.

“अहो, दर वेळी सांगता आणि दर वेळी ती साखर घालून आणते,” बायको म्हणाली. “तिला म्हणावं घाबरू नकोस, कोल्हापूरचे आहेत, रडले तरी बिल देतील.”

पपईची कोशिंबीरही थाई लोक कच्चीच करतात, म्हणून ती मी आमच्यासाठी कधीच मागवत नाही. त्या दिवशीही भात, तुळशीतलं चिकन आणि सूप एवढंच सांगितलं. चिकन खरोखर जाळ होतं. बायकोच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि ती हसायला लागली. असं मोकळं हसताना मी तिला कितीतरी महिन्यांनी पाहत होतो. वेट्रेस आमचे चेहरे बघून खूश झाली. आत गेली आणि न मागवलेली एक ताटली घेऊन आली. बर्फाच्या चुऱ्यावर बारा कोळंब्या, पाठीतून चिरून उलगडलेल्या. प्रत्येकीवर लसणाची चकती, कारल्याची पातळ चकती, पुदिन्याचं पान, आणि वरून हिरवी मिरची वाटलेला लिंबाचा रस.

“नॉट ऑन मेनू,” ती म्हणाली. “फॉर यू. वुई ईट लाइक धिस.” आणि तिथेच उभी राहिली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी एक उचलून तोंडात टाकली, म्हणून तिनंही टाकली. कोळंबीच्या कडा लिंबानं पांढऱ्या झालेल्या होत्या, त्यामुळे दिसायला वाफवल्यासारखी. पण दाताखाली ती थंड, बुळबुळीत आणि गोडसर लागली. शिजलेली कोळंबी अशी लागत नाही. ही कच्ची होती. लिंबानं रंग बदलतो, जंतू मरत नाहीत, हे मी गोदामातल्या नव्या माणसांना दर वर्षी सांगतो.

मी बोललो नाही.

का बोललो नाही, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. वेट्रेस समोर उभी होती आणि तिनं आपुलकीनं आणलं होतं. ‘सेम सेम’ मीच म्हणालो होतो. आणि बायको हसत होती, बोटं चाटत म्हणत होती, “अहो, हे काय भन्नाट आहे!” दोन वर्षं मी तिला प्रत्येक ताटावर नको म्हणत आलो होतो, त्या एका ताटलीवर मला म्हणवेना. तिनं एकूण चार खाल्ल्या. पहिली आम्ही दोघांनीही न कळता खाल्ली. पुढच्या तीन मला कळल्यानंतरच्या. मुलीला तीन उरल्या. मी स्वतः पाच खाल्ल्या, जणू त्यानं काही फरक पडणार होता.

रविवारी सकाळी मी चालायला जातो असं सांगून हॉटेलवर गेलो. वेट्रेस टेबलं पुसत होती. कोळंबी ताजी होती की गोठवलेली, एवढंच मी विचारलं, तरी तिचा चेहरा उतरला.

“मॅडम सिक?”

“नो, नो. मॅडम ओके. ओन्ली आस्किंग.”

“सर, यू सेड लाइक वुई ईट.”

“येस. आय सेड.”

तिनं आतून पाकीट आणून दाखवलं. चांगल्या दर्जाचा माल होता. गोठवलेला, मुदतीतला, शनिवारी सकाळी बर्फ सुटायला फ्रिजमध्ये ठेवलेला. म्हणजे कृमींची भीती कमी. पण थंडीनं जीवाणू मरत नाहीत, ते नुसते थांबतात. पाकिटाच्या मागे छापलं होतं, नीट शिजवूनच खावं. रोज माझ्या नजरेखालून जाणारीच ती ओळ. तिची काही चूक नाही असं मी तिला दोनदा सांगितलं. तिचा विश्वास बसला नसावा.

घरी आल्यावर बायकोला सांगायला हवं होतं. मी तिचा ताप बघितला. सदतीस. संध्याकाळी पुन्हा बघितला.

“आज काय विशेष?” तिनं विचारलं.

“व्हायरल चाललंय सगळीकडे,” मी म्हणालो.

सोमवारी संध्याकाळी पाचला अडतीस पूर्णांक दोन निघाला. पोटात कळही येत होती. वीस मिनिटांत आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. नेहमीच्याच डॉक्टरबाई होत्या, त्या हिंदीत बोलतात.

“बाहर का कुछ खाया?”

“थाई खाया था, शनिवार को,” बायको म्हणाली. “लेकिन सब पका हुआ.”

डॉक्टरबाई लिहायला लागल्या. पका हुआ. आता मी गप्प राहिलो असतो तर औषध चुकीच्या अंदाजानं सुरू झालं असतं.

“प्रॉन्स कच्चे थे,” मी म्हणालो. “इन्होंने चार खाए. शनिवार, दोपहर पौने दो बजे.”

“आपको पक्का पता है?”

“हां. मैंने भी खाए. पहले ही टुकड़े में पता चल गया था.”

डॉक्टरबाईंनी पेन थांबवून एकदा बायकोकडे बघितलं, मग पुन्हा लिहू लागल्या. रक्त घेतलं, त्यात जंतू वाढतात का ते बघायला कल्चरला पाठवलं, अँटिबायोटिक सुरू केलं, संधिवाताची गोळी सांगेपर्यंत बंद. पहिला रिपोर्ट अठ्ठेचाळीस तासांनी फोनवर सांगू म्हणाल्या. तो चांगला आला तरी काही जंतू उशिरा डोकं वर काढतात, तेव्हा पुढे आणखी दोन आठवडे ताप रोज बघायचा.

गाडीत तिनं आधी पट्टा लावला. मग म्हणाली, “चार कशावरून?”

“मोजल्या मी.”

“पहिलीलाच कळलं तुम्हाला.”

“हो.”

“म्हणजे मी पुढच्या तीन खात होते आणि तुम्ही मोजत होतात.”

मी सिग्नलला गाडी थांबवली.

“मला काय कळतंय माशातलं?” ती म्हणाली. “तुम्ही खाल्लंत म्हणून मी खाल्लं. एरवी मटकीच्या एका दाण्यासाठी चारचौघांत हात धरता माझा. तेव्हा बरं जमतं बोलायला.”

“तू हसत होतीस,” मी म्हणालो.

“मग? ताप आल्यावर हसू?”

मंगळवारी ताप उतरला, पोटही शांत झालं. पण माझं लक्ष रिपोर्टवर होतं. बुधवारी मी घरूनच काम केलं. संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन वाजला. ती आतल्या खोलीत जाऊन बोलली, बाहेर आली आणि सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालू लागली.

“कोणाचा होता?”

“होता एक.”

“हॉस्पिटलचा?”

“माझा टॉवेल कुठाय बघा जरा.”

मी टॉवेल आणून दिला. तिच्या चेहऱ्यावरून काही समजेना. घड्या झाल्या, तिनं चहा टाकला, मला दिला, स्वतः घेतला. माझा चहा निवला. वाईट असतं तर ती एवढी शांत बसली नसती, असं मी स्वतःला सांगत होतो. आणि चांगलं असतं तर लगेच सांगितलं असतं, असंही. तेवढ्यात मुलगी कॉलेजातून आली आणि आईच्या गळ्यात पडली.

“ममा, गॉट युअर मेसेज! नो ग्रोथ, थँक गॉड!”

मी कप खाली ठेवला. “अगं, मग मला...”

“पस्तीस मिनिटं झाली,” बायको म्हणाली. “मी पण मोजली. कसं वाटलं?”

“वाईट.”

“मला अजून दोन आठवडे तसंच वाटणार आहे.”

त्यातला आजचा नववा दिवस. ताप आता ती स्वतःच बघते, माझ्या हातात देत नाही. संध्याकाळी मी तिच्या आसपास घुटमळायला लागलो की ती आकडा सांगते. आज सदतीस म्हणाली. मी नुसती मान हलवली.