चार एकवीसची नोंद

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी सरळ उठून जातो. बायको म्हणते, तुम्हाला कशाची म्हणून मजाच नाही! नाहीच. माझा विश्वास फक्त लॉगवर, यंत्रांनी आपणहून लिहिलेल्या नोंदींवर. म्हणून हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

मी रत्नागिरीत, मांडवीजवळच्या एका छोट्या कंपनीत नेटवर्क सांभाळतो. ठिकठिकाणचे राउटर, वायफाय — सगळं क्लाउडवरून, एका स्क्रीनवर. त्यांची घड्याळं इंटरनेटवरून आपोआप जुळतात, हाताने कुणी बदलू शकत नाही. देवरूखचं एक खासगी हॉस्पिटलही आमच्याकडेच, खाटांजवळच्या नाडी-श्वास दाखवणाऱ्या मॉनिटरसकट. तिथेच आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. सोबत ताई होती.

दुपारी चार वाजून बारा मिनिटांनी स्क्रीनवर ओळ आली : खाट सात, मॉनिटरचा संपर्क तुटला, ४.२१.

खाट सात म्हणजे आई! हात फोनकडे गेला. मग वेळ नीट बघितली. ४.२१ ला अजून नऊ मिनिटं होती. तरी फोन लावलाच.

"ताई, आईचा मॉनिटर चालू आहे ना?"

"चालू आहे की. आकडे दिसतायत. मी खाली चहाला निघालेय. का रे?"

हुश्श! "काही नाही गं. इथलं एक घड्याळ नऊ मिनिटं पुढे गेलंय, भलतंच दाखवतंय. जा तू, चहा घे."

"पुढे गेलंय?" ताई थांबली. "आपल्या घरातलं नाही का दहा मिनिटं पुढे ठेवलेलं, एसटी चुकू नये म्हणून? पुढच्या घड्याळाचं ऐकायचं असतं, शहाण्या. मी बसते हिच्याजवळ."

मी हसलो. खरंच हसलो... आणि घड्याळ इंटरनेटवरून पुन्हा जुळवून घ्यायची कमांड पाठवून दिली.

४.२१ ला मॉनिटर बंद पडला. काउंटरवरच्या नर्सला पत्ताच नाही. आणि त्याच वेळी आईचा श्वास अडकला. ताईने आरडाओरडा करून डॉक्टरांना आणलं, म्हणून वाचली. "दोन मिनिटं उशीर झाला असता तर..." एवढंच ते म्हणाले.

नंतर मी सगळं खणून काढलं. ती ओळ पाठवणाऱ्या यंत्राचं घड्याळ आधीपासून अचूक होतं. सेकंदाचाही फरक नाही! सपोर्टवाले म्हणतात, असं होऊच शकत नाही. अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय? पण ओळ आहे तिथे.

मी ताईला चहाला जा म्हणालो होतो, हे तिने आईला अजून सांगितलेलं नाही.

आई आता घरी आहे, ठणठणीत. बोटाला वायर नाही, स्क्रीनवर तिची खाट नाही. सगळे खूश आहेत. मला मात्र झोप लागत नाही... आता मला आधी कळणार कुठून?