मारितसाठी बर्फ

मारित गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आयर्लंडमध्ये, नास गावच्या हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होते आणि शेजारच्या सीटवर बर्फाने भरलेला स्टीलचा डबा होता. त्याला आता काही आठवडे झाले.

मारित आमची शेजारीण, मूळची नॉर्वेची. तरुणपणी बर्फावरच्या स्पीड स्केटिंगमध्ये जगज्जेती होती. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण पदकं बिस्किटांच्या डब्यात सुईदोऱ्याखाली होती. घोड्यांच्या एका आयरिश डॉक्टरशी लग्न करून ती इथे आली, जिथे तळं कधी धड गोठत नाही. "बर्फ सोडून आलीस?" मी एकदा विचारलं. "टॉमने लग्नाचं विचारलं. बर्फाने कधी विचारलं नाही." टॉम गेल्यावरही ती परत गेली नाही.

एकदा माझ्या स्वयंपाकघरात विळी दिसली तशी ती सरळ तिच्यावर बसली. सत्तरी ओलांडली होती, पण गुडघे मोडून बसणं तिला माझ्याहून सोपं. पात्यावर अंगठ्याचं नख ओढून म्हणाली, "वसुधा, याने तू भाजी चिरतेस की नुसती धमकावतेस?" आणि घरून स्केट्सच्या पात्यांना धार लावायचा दगड घेऊन आली. तेव्हापासून रविवारी ती विळीला धार लावायची, मी पोहे करायचे. जिंकलेल्या शर्यतींबद्दल कधी बोलली नाही. हरलेली एकच सांगायची. "सकाळी बर्फाला नख लावलं होतं. मऊ होता. कळूनही वळणावर जोरात गेले…" की पुन्हा दगड सुरू.

हॉस्पिटलमध्ये तिने एकच मागितलं. "बाहेर गोठलं तर आण. एकदा हात लावायचाय." म्हटलं, फ्रीजरमधला आणते. "तो सरबतात घाल." मग मी अंगणात पाण्याची बादली ठेवली आणि रोज सकाळी बघू लागले. पाऊस, नाहीतर ढग. माझी लेक रेवा म्हणायची, "आई, इट्स आयर्लंड. इथे गोठत नाही, नुसतं भिजतं." तिकडे डॉक्टरांनी आता फार दिवस नाहीत म्हणून सांगितलेलं… आणि एका सकाळी बादलीवर बर्फाचा जाड थर धरला. फोडला, डब्यात भरला, चहाही न घेता निघाले.

फोन ठेवला. रडत बसायची सोय नव्हती, बर्फ वितळत होता. वर गेले. नर्सने डब्याकडे पाहिलं आणि खोलीचं दार उघडून धरलं. मारितचा हात अजून पुरता गार झाला नव्हता. तिच्या अंगठ्याचं नख मी बर्फावरून ओढलं. बारीक पांढरी रेघ उठली. कडक होता… चांगला कडक होता.

विळी आता बोथट होत चालली आहे. टोमॅटो चिरला जात नाही, चेंगरतो. तिचा दगड माझ्याच कपाटात आहे आणि धार लावायला मी पाहून पाहून शिकलेही आहे. पण पात्यावर उरली आहे ती धार तिने लावलेली. ती संपेपर्यंत टोमॅटो चेंगरलेलेच खाऊ.