जिराफाचा वाटा

सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या आमच्या परसात कढीपत्ता खुडला, की बोटांना लागलेल्या वासासरशी मला एक लांबलचक, जांभळी जीभ आठवते.

तेव्हा मी ऑस्ट्रेलियातच, टूवूंबा गावी युनिव्हर्सिटीत शिकत होते. सगळं सोडून पुण्याला परतायचं मी मनात पक्कं केलं होतं. फक्त रूममेटला, स्वप्नाला, सांगायचं बाकी होतं. ते सांगावं म्हणूनच तिला घेऊन एका मोकळ्या प्राणिसंग्रहालयात तंबूत राहायला गेले. कुंपणापलीकडे थेट आफ्रिका. झेब्रे, गेंडे, जिराफ.

सकाळी पोहे करायला घेतले. सिडनीच्या एका काकूंनी दिलेली कढीपत्त्याची डहाळी मी जिवापाड जपली होती, कारण टूवूंबात तो नावालाही मिळायचा नाही. ती धुऊन तंबूच्या दोरीवर वाळत घातली. मोहरी तडतडली, मी मागे हात नेला, तर डहाळी कुंपणावरून वाकलेल्या जिराफाच्या तोंडात!

"मेल्या, चार पानं तरी ठेवायचीस!" मी ओरडले.

रेंजरबाई धावत आली. "प्राण्यांना काही खायला द्यायचं नाही," तिनं दटावलं.

"दिलं कोणी? त्यानं चोरलं!"

स्वप्ना हसता हसता खालीच बसली. मग मीही. कित्येक महिन्यांत मी अशी हसले नव्हते. पोहे कढीपत्त्याविनाच खाल्ले आणि सांगायचं राहूनच गेलं, मग परतायचंही.

आता स्वप्ना इथेच दोन गल्ल्या सोडून राहते. "शेंडा खुड गं, झाड पसरेल," म्हणते.

"राहू दे. तो जिराफाचा वाटा."

ती हसते. त्याचा एवढा हक्क कशासाठी, ते मात्र तिला अजून सांगितलेलं नाही.