घट्ट पाणी

बाटली उलटी करून उजेडात धरायची आणि आतला डिंक काचेवरून कसा सरकतो ते डोळे बारीक करून पाहायचं, ही भाऊंची रोजची सवय. कोणी हाक मारली तरी नजर हलायची नाही. "थांब बाई, हा चालून राह्यला."

वैनगंगेकाठच्या आमच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते आणि मी नवी नर्स. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. त्यांना सगळे भाऊ म्हणत, डॉक्टरसुद्धा.

औषधाची पूड तळाशी बसू नये म्हणून त्यात डिंक घालायचा, हे कुठल्याही कंपाउंडरला येतं. भाऊंना मात्र त्या डिंकाचा लळाच लागला होता. जंगलातला कांडोळीचा डिंक ते खलात कुटायचे, भिजवायचे, आणि दवाखानाभर आंबूस वास सुटायचा. मग मला बोलवायचे.

"पाह्य. ठेवला का दह्यावानी बसते. हालवला का पळते. पुन्हा ठेवला का पुन्हा बसते. सांग, याले घट्ट मनावं का पातळ?"

मी हसायचे. ते खरोखरच उत्तराची वाट पाहत उभे असायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला थोडा वेडा समजतो आणि अडलं की त्याच्याकडेच बघतो.

एका उन्हाळ्यात एका नावाड्याला लकवा झाला. बायकोनं बैलगाडीतून आणलं. वाचा गेली होती, उजवं अंग गेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे घोटभर पाणी पाजलं की ठसका लागून चेहरा काळानिळा व्हायचा. डॉक्टरांनी तोंडानं पाणी बंद केलं. शिरेतून पाणी द्यायची सोय आमच्याकडे नव्हती आणि चांद्यापर्यंतचा प्रवास त्याला झेपला नसता. बायको ओल्या फडक्यानं त्याचे ओठ टिपत बसली होती.

"बाई, जल्मभर पाण्यावर काढले यानं," ती मला म्हणाली, "आन् आता तहानेनं मरून राह्यला."

भाऊ दारात उभे राहून ऐकत होते. ते तडक डॉक्टरांकडे गेले.

"साहेब, पाणी लय पळते. घसा सावरायच्या आंधीच श्वासात जाते. त्याले डिंकानं जरा जड करू का?"

डॉक्टर म्हणाले, "करा. मी शेजारी बसतो."

पहिला डिंक फारच घट्ट झाला. जिभेला चिकटून बसला, मलाच तो बोटानं काढावा लागला. भाऊ खलाजवळ बसून, डोळे मिटून, स्वतःच चमच्यामागून चमचा खात राहिले.

"चमच्यात बसलं पाह्यजे, आन् जिभेनं ढकललं का निंगालं पाह्यजे," ते पुटपुटले, आणि थोडं पाणी वाढवलं.

डॉक्टरांनी नावाड्याला टेकवून बसवलं, हनुवटी खाली धरली. मी चमचा दिला. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडे बघत होतो. गळा वर चढला, खाली आला. ठसका नाही. बायकोनं पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागली. भाऊ एवढंच म्हणाले, "आजून एक."

संध्याकाळपर्यंत वाटी रिकामी झाली. पुढे त्यांनी तिला तो डिंक भिजवायला शिकवलं आणि नवराबायको घरी गेले. पावसाळा संपता संपता भाऊंची दूर सिरोंच्याला बदली झाली.

दिवाळीनंतर नावाडी आला. काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी. बायकोच्या हातात पाण्यानं भरलेला पितळी गडवा होता. दोघं औषधाच्या खिडकीशी गेले, आत डोकावले. भाऊंच्या जागी अजून कोणी आलं नव्हतं.

"भाऊ कुठी आहेत?"

मी सांगितलं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. "त्याहिले दाखवाले आनलं होतं याले," ती म्हणाली.

नावाड्यानं तिच्या हातातून गडवा घेतला. रिकाम्या स्टुलाकडे तोंड करून उभा राहिला आणि नदीचं साधं पाणी, सावकाश, घोट घोट करत, सगळं प्यायला.