धोंडुबाई सुल्लूरपेटला गेली त्याची गोष्ट

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धोंडुबाईची जागा ठरलेली होती. दोन म्हशी घेऊन ती सकाळ-संध्याकाळ तिथं उभी राहायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळता पेला हातात द्यायची. नवरा लवकर गेला. त्याच दुधावर तिनं एकुलत्या एका ज्ञानूला वाढवलं, आयटीआयला घातलं. उद्यमनगरातल्या लेथवर त्याचा हात बसला आणि पुढं तो फिटर म्हणून पार तिकडं श्रीहरिकोट्याला, रॉकेटच्या कामावर लागला. रॉकेट म्हणजे नेमकं काय, हे धोंडुबाईनं कधी खोदून विचारलं नाही. पोरगं वेळेवर जेवतंय ना, एवढंच ती विचारायची.

एकोणऐंशीच्या ऑगस्टात रेडिओवर बातमी आली. रॉकेट उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. संध्याकाळी तालमीतला गुंडू पैलवान दुधाला आला तो हसतच.

"काय मावशी, ज्ञानूचं रॉकेट पाण्यात गेलं म्हणं की!"

धोंडुबाईचा धार काढणारा हात थांबला. "माणसं बरी हायत न्हवं समदी?"

"त्यात माणसं न्हवती."

"मग दात कशाला काढतोस? खासबागेत तू चितपट झालास, तवा मी हसलो व्हय? दूधच पाजलं न्हवं तुला?"

कट्टाभर हशा पिकला आणि गुंडू ओशाळला. धोंडुबाई मात्र हसली नाही.

दर पंधरवड्याला येणारं ज्ञानूचं कार्ड त्यानंतर आलंच नाही. गणपती बसले, उठले, तरी पोराची खुशाली नाही. एका सकाळी तिनं म्हशी धाकट्या बहिणीच्या, बायडाबाईच्या हवाली केल्या. भाकऱ्या, गूळ आणि बरणीभर कांदालसणीची चटणी बांधून घेतली.

"अगं, तिकडं बोलणार कुठल्या भाषेत?" बायडाबाई म्हणाली.

"म्हशीच्या बाजारात कानडी बोलतोच की मी. त्याच्या पुढं हातवारे."

मिरजेला गाडी बदलली, पुढंही बदलत बदलत, विचारत विचारत ती श्रीहरिकोट्याजवळच्या सुल्लूरपेटला उतरली. स्टेशनात भेटेल त्याला "रॉकेट, कोल्हापूर, ज्ञानू" एवढंच सांगत राहिली. अखेर कामगारांच्या बसचा एक ड्रायव्हर ज्ञानूचं नाव ऐकून ओळखीचं हसला आणि त्यानं तिला खोलीपर्यंत नेऊन सोडलं.

ज्ञानू दारातच बसला होता. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली.

"आये! तू? हितं कशी?"

"कार्ड का न्हाय टाकलंस?"

"काय लिहू त्यात?"

तिनं आधी त्याला जेवायला घातलं. दुसरी भाकरी मोडता मोडता तो आपणच बोलू लागला. "त्यात माझ्या हातचे जोड हुते, आये."

"त्यानंच पडलं?"

"न्हाय. बिघाड दुसरीकडंच झाला म्हणत्यात. पर डोळा मिटला की वाटतंय, माझंच काय तरी राहिलं."

धोंडुबाईनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणानंतर आजच.

"दुसरं बांधायला घेतलंय का?"

"घेतलंय."

"मग बांध. आणि उपाशी जाऊ नगं कामावर."

आठवडाभर ती तिथं राहिली. ज्ञानूचे सोबती, कुणी तमिळ, कुणी मल्याळी, संध्याकाळी खोलीवर जमायचे. चटणीनं त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं, तरी पुन्हा ताट पुढं करायचे. त्यांचं बोलणं तिला कळत नव्हतं. पण ज्ञानू हसायला लागलाय, हे दिसत होतं. मग ती परतली.

पुढच्या जुलैत गुंडूच रेडिओ खांद्यावर घेऊन कट्ट्यावर धावत आला. "मावशी, गेलं! उपग्रह वर फिराय लागला!" त्यानं म्हशींच्या शिंगांना गुलाल फासला, धोंडुबाईच्या कपाळालाही लावला. ती एकदा आभाळाकडं बघून पुन्हा धारेला बसली. पेला भरून वाहिला तरी तिच्या ध्यानात आलं नाही.

ज्ञानू रजेवर आला तो थेट अंथरुणावर पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी उठला नाही. तालमीची मंडळी वाजतगाजत आली. धोंडुबाई दार अडवून उभी राहिली.

"वाजवू नगा. निजलाय त्यो."

"अवं मावशी, हार आणलाय!"

"द्या हिकडं. पाण्यात घालून ठेवतो. उद्या या समदी, दूध प्यायला."